ज्यू दफनभूमीत पहिल्यांदा जाताना: हार बाहेर, खडा आत

आमच्या गणिताच्या बाई गेल्या तेव्हा मी गावात नव्हतो. महिन्याभराने अलिबागला उतरलो, बाजारातून शेवंतीचा चांगला जाडजूड हार घेतला, उदबत्तीचा पुडा खिशात टाकला आणि रिक्षाने दफनभूमीच्या फाटकाशी पोचलो. राखणदार मामांनी कडी काढली, हाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा इथं पिंपावर ठेवा. आत नको. बाईंना खडा ठेवा." मग स्वतःच वाकून वाटेतला सुपारीएवढा खडा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

बाई बेने इस्रायल होत्या. आयुष्यभर आमच्याशी मराठीत बोलल्या, मराठीत रागावल्या, आणि त्यांच्या थडग्यापाशी कसं उभं राहायचं ते मात्र मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर बऱ्याच वेळा गेलो, दोन दफनविधींना हजर राहिलो, आणि बाईंच्या मुलाला विचारून विचारून शिकलो. कुणी ज्यू मित्र, शेजारी, सहकारी गेला असेल, किंवा नुसतं इतिहासाच्या ओढीने तुम्ही जाणार असाल, तर या टिपणाचा उपयोग होईल.

कुठे जाणार, ते आधी ठरवा

महाराष्ट्रातल्या सगळ्या ज्यू दफनभूमी एकाच समाजाच्या नाहीत. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बऱ्याचशा बेने इस्रायलांच्या, म्हणजे शतकानुशतकं मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या. मुंबईत चिंचपोकळीची दफनभूमी बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंची. इलायस डेव्हिड ससून यांनी 1878 मध्ये आपल्या मुलाच्या स्मरणार्थ ती बांधून दिली. पुण्यात लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात डेव्हिड ससून यांची समाधी आहे. दफनभूमी नव्हे, पण पुण्यातल्या वाचकाला सुरुवात करायला तीच जवळची.

आणि सगळ्यांच्या आधीची म्हणजे अलिबागजवळच्या नवगावची. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत याच किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी किनाऱ्याला आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेतं नवगावलाच पुरली. तिथे आता स्मारक उभं आहे. इतिहासकार तारखेवरून भांडतात, भांडोत. किनाऱ्याकडून येणारा वारा आणि ती जुनी, नावं नसलेली जागा पाहिली की तारखेचा प्रश्न निदान तेवढ्यापुरता मागे पडतो.

जायचं कसं? मुंबईहून गेटवे ते मांडवा लाँच, पुढे अलिबागच्या रस्त्याने. पावसाळ्यात साध्या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो किंवा सरळ एसटी. नवगावात शिरल्यावर "ज्यू लोकांची दफनभूमी" असं विचारा, शाळकरी पोरसुद्धा सांगेल. शहरातल्या दफनभूमीला मात्र बहुधा कुलूप असतं. आदल्या दिवशी जवळच्या सिनेगॉगमध्ये विचारून ठेवावं. सुरक्षेमुळे ओळखपत्र मागतात; वाईट वाटून घेऊ नये. आणि "सिनेगॉग" म्हटल्यावर एखाद्या वयस्कर माणसाला कळलं नाही, तर "ज्यूंची मशीद" म्हणून पाहा. जुने बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत.

शनिवार सोडून

हे लक्षात ठेवायला कोकणातल्या माणसाला फार कष्ट नकोत. बेने इस्रायलांना गावोगाव "शनिवार तेली" म्हणत. धंदा तेलाचा घाणा आणि शनिवारी घाणा बंद. दफनभूमीचंही तसंच. शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसले की सुटतो. म्हणून शुक्रवारी दुपारनंतर जाणंही टाळा, राखणदाराला घरी जायची घाई असते आणि कुटुंबाला शब्बाथची तयारी असते. शनिवारी दफन होत नाही, शोकाचं उघड प्रदर्शनही होत नाही.

सणाच्या दिवशीही नको. ज्यू सण आपल्या तिथींसारखे इंग्रजी तारखांवरून मागेपुढे सरकतात, म्हणून फोन करून विचारणं बरं. भेटीसाठी प्रशस्त काळ म्हणजे एलुल महिना, साधारण ऑगस्ट-सप्टेंबर, नव्याच्या सणाच्या आधीचा. नव्याचा सण हे बेने इस्रायलांनी रोश हाशानाला दिलेलं मराठी नाव. अशी त्यांची आणखीही नावं आहेत. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा जो उपवास जगभरचे ज्यू धरतात, त्याला हे लोक "बिरड्याचा रोजा" म्हणतात. श्रावणाच्या आगेमागे येणारा उपवास आणि तो सोडायला वालाचं बिरडं! असं नाव कोकणाबाहेर सुचलं नसतं.

कपडे आणि डोकं

पुरुषांनी डोकं झाकायचं. ज्यू लोक वापरतात ती छोटी टोपी, किप्पा, फाटकापाशी मिळेल असं धरून चालू नका. साधी कुठलीही टोपी चालते, रुमाल बांधला तरी चालतो. मी दुसऱ्या खेपेला वडिलांची गांधी टोपी घालून गेलो होतो. मामा हसले, पण आत सोडलं. बायकांनी खांदे झाकलेले असावेत, डोक्यावर ओढणी किंवा पदर घेतला तर उत्तम. कपडे साधे. काळेच हवेत असं नाही. आपण पांढरे घालतो तसे पांढरेही चालतात. पायात बूट असू द्या. चपला काढायची जागा शोधत फिरू नका, ते देऊळ नव्हे. आणि कोकणातल्या गवतात अनवाणी जाणं शहाणपणाचंही नाही.

आत गेल्यावर

थडग्यावर पाय देऊ नये, त्यावरून ओलांडून जाऊ नये, टेकू नये. जुन्या भागात कबरी जमिनीशी सपाट झालेल्या असतात आणि वर गवत वाढलेलं असतं, तेव्हा वाट दिसेल तिथूनच चाला. खाणंपिणं नाही. पाण्याची बाटली फाटकाबाहेर रिकामी करा. फोन आवाज बंद करून खिशात ठेवा. मोठ्याने हसणं, सेल्फी, दगडावर वही टेकवून टिपणं घेणं, यातलं काही नको.

यामागे एक विचार आहे आणि तो मला फार आवडतो. हिब्रूत त्याला "लोएग ला-राश" म्हणतात, गरिबाची थट्टा. मेलेल्या माणसाला आता प्रार्थना करता येत नाही, धर्मग्रंथ वाचता येत नाही, कुठलंच सत्कर्म करता येत नाही. त्या अर्थाने तो गरीब. म्हणून त्याच्या पुढ्यात आपण ही श्रीमंती मिरवायची नाही. धार्मिक ज्यू माणूस प्रार्थनेच्या वस्त्राचे गोंडेसुद्धा कबरींमधून चालताना आत खोचून घेतो. मग आपण तिथे भजी खाणं कसं दिसेल, ते सांगायला नको.

आपल्याला अडचण येते ती हातांची. हात रिकामे राहिले की आपल्याला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. हार, अष्टगंध, उदबत्ती, नारळ, निदान दगडाला हात लावून कपाळाला. एखादं बेने इस्रायल घर स्वतःच्या माणसाला फुलं वाहत असेल तर तो त्यांचा प्रश्न. पाहुण्याने न्यायचं काही नाही. नमस्कार करावासा वाटला तर उभ्यानेच हात जोडा, कुणी अडवत नाही. पण लोटांगण, प्रदक्षिणा, दिवा लावणं नको. मेलेल्याची पूजा होते आहे असं वाटेल ते सारं ज्यू परंपरेला खटकतं.

दगड वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बेने इस्रायल दफनभूमीत मराठी माणसाला मिळतं ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही. दगड आपल्याशी आपल्या भाषेत बोलतात. वर हिब्रू, खाली मराठी, पुष्कळदा इंग्रजीही. आडनावं वाचत चला: किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, अष्टमकर, नवगावकर. रायगड जिल्ह्याचा नकाशाच आडवा पसरलाय. जुन्या पिढीची नावंही पाहा. सॅम्युएलचा समाजी, अब्राहमचा आबाजी, मोझेसचा मुसाजी, इझिकेलचा हसाजी, अशी ही नावं कोकणात रुळली होती.

हिब्रू येत नसलं तरी तीन गोष्टी ओळखता येतात. लिहिणं उजवीकडून डावीकडे. अगदी वर दोनच अक्षरं सुटी दिसतात, पे आणि नून. ती "इथे पुरलेला आहे" याची आद्याक्षरं. अगदी खाली पाच अक्षरं: ताव, नून, त्सादी, बेत, हे. बायबलातल्या शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातलं एक वचन आशीर्वाद म्हणून वापरतात, त्याचं हे लघुरूप. अर्थ असा की याचा जीव जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो. गाठोडं हा शब्द मला बरा वाटतो. कुणीतरी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्यासारखा.

तिसरी गोष्ट म्हणजे साल. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात आणि हजारातले पाच बहुधा सोडून देतात. बाईंच्या दगडावर ताव, शीन, अयिन, टेट अशी चार अक्षरं होती. 400, 300, 70 आणि 9. बेरीज 779, म्हणजे साल 5779. आपलं साल काढायला 779 मध्ये 1240 मिळवा: 2019. मृत्यू नव्याच्या सणानंतर पण डिसेंबर संपायच्या आत असेल, तर 1239 मिळवायचे, कारण त्यांचं वर्ष आधीच बदललेलं असतं. मी ही बेरीज बाईंच्या पुढ्यात उभं राहून बोटांवर केली. हातचा चुकला असता तर त्या उठून बसल्या असत्या.

चिन्हंही असतात. दोन पंजे जोडून उंचावलेले दिसले की तो कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला. पाण्याचा तांब्या किंवा सुरई दिसली तर लेवी, म्हणजे पुरोहितांच्या मदतनीस घराण्यातला. ही चिन्हं बगदादी किंवा युरोपातून आलेल्या ज्यूंच्या दगडांवर शोधा. बेने इस्रायलांमध्ये परंपरेने कोहेन-लेवी असा भेद नव्हता. कोहेन माणूस स्वतः दफनभूमीत जातच नाही, अगदी जवळच्या नातलगाचा मृत्यू सोडून. तेव्हा बरोबरचा ज्यू मित्र फाटकाबाहेरच थांबला तर त्याला आत चलायचा आग्रह करू नका.

खडा

मग खडा ठेवायचा. दगडावर किंवा कबरीच्या कडेवर, डाव्या हाताने ठेवण्याची पद्धत आहे. एकच पुरे. कुणाच्या दुसऱ्या कबरीवरचा उचलून आणायचा नाही, वाटेतला घ्यायचा. का ठेवतात याची उत्तरं अनेक. कुणी म्हणतं, कबरीची खूण पुसू नये म्हणून येणारा-जाणारा दगड रचत असे, त्याची ही आठवण. कुणी म्हणतं, कुणीतरी येऊन गेलं एवढं कळावं म्हणून. मामांचं उत्तर असं: "फूल उद्या सुकंल. मग साफ मलाच करायला लागंल." मला तेच पटलं.

निघताना हात धुवा. बहुतेक ठिकाणी फाटकापाशी नळ किंवा पिंप आणि तांब्या असतो. तांब्याने एकदा उजव्या, एकदा डाव्या हातावर, असं तीनदा पाणी घ्यायचं. तांब्या दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा, त्याने उचलायचा. स्मशानातून परतल्यावर अंघोळ करणाऱ्या घरांत वाढलेल्यांना हे परकं वाटणार नाही. घरात शिरायच्या आधी हे उरकायचं, एवढं पाळा.

दफनाला गेलात तर

सगळं झटपट होतं. शक्य तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. म्हणून निरोप आला की "उद्या बघू" म्हणू नका. देह धुऊन शुद्ध करतात आणि साध्या पांढऱ्या कफनात गुंडाळतात. गरीब-श्रीमंत सगळ्यांना तेच कफन, त्याला खिसे नसतात. चेहरा उघडा ठेवून अंत्यदर्शन हा प्रकार नाही, त्यासाठी धडपडू नका. जवळचे सात, म्हणजे आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा किंवा बायको, यांच्या कपड्याला छेद देतात. आईवडिलांसाठी डावीकडे, हृदयाच्या बाजूला. हा फाटका सदरा पाहून "अहो, सदरा फाटलाय" असं सांगणारा एक गृहस्थ मी पाहिला आहे.

माती टाकायला पाहुण्यालाही बोलावतात. फावडं दुसऱ्याच्या हातात देत नाहीत, मातीत रोवून बाजूला होतात. मग काद्दिश ही प्रार्थना म्हटली जाते. भाषा अरामी, आणि तिच्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती. त्यासाठी परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. 1948 नंतर बेने इस्रायल हजारोंनी इस्रायलला गेले, त्यामुळे कोकणातल्या गावांत हे दहाच जमत नाहीत. बाईंच्या वेळी दोघे जण ठाण्याहून येईपर्यंत सगळे चिंचेखाली थांबले होते, असं त्यांच्या मुलाने सांगितलं. आपली संख्या त्या दहांत धरत नाहीत. पण गाडी घेऊन कुणाला तरी आणायला जाणं आपल्याला जमतं, आणि त्या दिवशी त्याहून मोठी मदत नाही.

सात दिवसांतली भेट

दफनानंतर सात दिवस घरचे बाहेर पडत नाहीत. याला शिव्आ म्हणतात, म्हणजे सात. जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसतात, आरसे झाकतात, चामड्याचे जोडे घालत नाहीत, दाढी करत नाहीत, एक दिवा तेवत असतो. भेटायला जाण्याची हीच वेळ, शब्बाथ सोडून. दार लोटलेलं असतं. बेल न वाजवता हळूच आत जा. नमस्कार-चमत्कार नाहीत, "कसे आहात" तर नाहीच. गप्प बसा. आधी त्यांनी बोलायचं, मग आपण.

हे आपल्याला फार जड जातं. आपल्याकडे भेटायला गेलं की "कसं झालं हो?" पासून सुरुवात होते, आणि घरचे पंधराव्यांदा तीच हकीकत सांगतात. मी बाईंच्या मुलासमोर पहिल्यांदा बसलो ते वर्षभराने, त्याची मावशी गेली तेव्हा. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत दहा मिनिटं काढली. मग तो म्हणाला, "मावशीला कैरीचं लोणचं घालताना कुणी बोललेलं चालायचं नाही." आणि मग तासभर लोणच्यावरच बोललो.

निघताना म्हणायचं वाक्य आहे: सियोन आणि जेरुसलेमच्या सर्व शोक करणाऱ्यांबरोबर देव तुमचं सांत्वन करो. हिब्रू पाठ करून जायची गरज नाही, मराठीत म्हणा किंवा न बोलता निघा. बाईंच्या घरी तरी दुःखाची भाषा मराठीच होती.

डबा न्यायचा तर विचारून. दफनावरून आल्यावर पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःचं खायचं नसतं, शेजाऱ्यांनी द्यायचं. आपला कडू घास आठवला ना? त्यात उकडलेली अंडी आणि मसूर हवेत. मसूर गोल, रहाटासारखा फिरणारा. आणि त्याला चीर नाही, म्हणजे तोंड नाही. शोकातल्या माणसालाही तोंड नसतं, असं तालमूद हा त्यांचा जुना धर्मग्रंथ सांगतो. पुढच्या दिवसांत नेण्यासाठी फळं सगळ्यात बिनधोक. मांसाचं काही नको, कोशरचा, म्हणजे त्यांच्या खाण्याच्या धार्मिक नियमांचा प्रश्न येतो. कोळंबीचं तर नावच काढू नका, खवले नसलेलं त्यांना चालत नाही. किनाऱ्यावर राहून त्यांनी हा नियम पाळला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

पुढच्या तारखा

सात दिवसांनंतर तीस दिवसांचा हलका शोक, आईवडिलांसाठी अकरा महिने काद्दिश, वर्षाच्या आत दगड, आणि मग दर वर्षी पुण्यतिथी. ती हिब्रू तिथीने धरतात. महिने चंद्राचे, आणि सूर्याशी मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत सात वेळा अधिक महिना. ज्याला अधिक मास कळतो त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एक फरक मात्र नीट लक्षात घ्या. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मंगळवारी रात्री आठला कुणी गेलं तर ती तिथी बुधवारची, आणि दिवा लागतो तो आदल्या संध्याकाळी. पहिल्या वर्षी मी सकाळी पोचलो तर दिव्यातलं अर्धं तेल संपलेलं होतं.

बाईंची तिथी मी आता दर डिसेंबरात त्यांच्या मुलाला विचारून नव्या कॅलेंडरवर लिहितो. पेन्सिलीने, आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात आदल्या संध्याकाळची खूण करून.